ठोंब्याचं आसन उसवलं त्याची हकीकत

आदरणीय दाजी,

दुकानातल्या स्टुलावर बसून लिहितो आहे, पण मनाने तुमच्यापुढे उभा आहे, हाताची घडी घालून. (वर्गात गुरुजी आणि घरात दाजी अशी तुमची दोन रूपं एकाच वर्षी समोर आल्यामुळे तुमच्याशी बसून बोलायची सवय मला लागली नाही ती नाहीच.) तुमची तब्येत, ताईचे गुडघे आणि पंडितची भूक ही तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा करतो. तुमच्या आठवणींचं पुस्तक कुठवर आलं? रोज संध्याकाळी तुम्ही लिहिलेलं मोठ्याने वाचता आणि पंडित टेबलाशी बसून पापणीही न हलवता ऐकतो, हे तुम्ही मागे फोनवर सांगितलंत. तेव्हापासून माझ्या मनात काहीतरी घोळतं आहे. त्याचं पुढे बघू. इकडे सगळं क्षेम आहे. माझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, पण तीसुद्धा मजेत आहे.

परवा सकाळी मी दुकान उघडलं, केर काढला, कोपऱ्यातल्या फळीपुढे उभा राहून रोजच्याप्रमाणे देवाचं नाव घेतलं आणि पहिलं काम म्हणून ठोंब्याचं मखमली आसन उसवायला घेतलं. दाजी, स्वतःच्या हाताने घातलेली शिवण स्वतः उसवणं म्हणजे काय हे शिवणाऱ्यालाच कळतं. जांभळी मखमल, आत दुहेरी फोम, चारी कडांना गोट आणि मधोमध एक गुंडी. तीही साधी नाही, त्याच कापडात मढवलेली. इतकं नेटकं काम मी गिऱ्हाइकालाही क्वचित करून दिलं असेल. एवढं आसन कुत्र्याला का शिवलं आणि शिवलं तर उसवलं का, हे सांगायला हा पत्रप्रपंच.

ठोंब्या आणि तुमचा पंडित एका आईची लेकरं हे तुम्हाला ठाऊकच आहे. सोफ्याच्या सांगाड्यांसाठी लाकूड आणायला मी वखारीत गेलो होतो आणि वखारवाल्याने लाकडाबरोबर दोन पिल्लंही गळ्यात मारली. एक मी ठेवलं, एक फोमच्या चुऱ्यात गुंडाळून तुमच्याकडे धाडलं. तुमचं हुशार निघालं, हे तुम्ही तेव्हापासून सांगत आला आहात आणि मी ऐकत आलो आहे. पंडितला वर्तमानपत्र आणता येतं, पंडित दार लोटतो, पंडितला पाहुण्यांतला लबाड माणूस ओळखता येतो. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आमचा नाव दिल्याप्रमाणे ठोंब्याच. कोणी अंगावर आला तर गुरगुरायचं सोडून जांभई देणारा. म्हणून जेव्हा त्याला भक्ती लागली तेव्हा मला किती अभिमान वाटला असेल याची तुम्ही कल्पना करा.

भक्ती अशी. मी सकाळी फळीपुढे डोळे मिटून उभा असताना हा शेजारी येऊन बसायचा. एके दिवशी मी डोळे उघडले तर याची मान ताठ, नजर भिंतीच्या कोपऱ्यात कुठेतरी लागलेली आणि ओठ हलताहेत. चपचप, चपचप, अगदी एका लयीत, जणू जप चालला आहे. गालाचा एक स्नायू थरथरत होता, तोंडातून लाळेचा धागा लोंबत होता. (भाव अनावर झाल्यावर माणसाच्याही डोळ्यांतून पाणी येतं, कुत्र्याचं तोंडातून येत असेल, असं मी म्हटलं.) थोड्या वेळाने सगळं थांबलं. मग तो उठला, समोरच्या सांगाड्याला धडकला, माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि भाकरीवर असा तुटून पडला, जणू दुष्काळातून आला आहे. माझं अनुमान तयारच होतं. इतक्या लांब जाऊन आलेल्याला वाट चुकणार नाही तर काय आणि भूक लागणार नाही तर काय! हे कधी कधी दुपारी रेक्झिन कापतानाही व्हायचं, एकदा तर भर जेवणात झालं. पण खऱ्या भक्ताला वेळकाळ नसतो, हेही माझ्याजवळ तयार होतं. माणसाला एकदा अभिमान वाटायला लागला की उत्तरांचा तुटवडा पडत नाही.

शेजारी किल्लीवाला आहे. त्याचा धंदाच कुलपं उघडण्याचा, त्यामुळे बंद गोष्ट त्याला बघवत नाही. तो म्हणाला, तुझा ठोंब्या खिळा चघळतो आहे. (आम्ही सोफेवाले बारीक खिळे तोंडात धरून एकेक काढून ठोकतो, हे तुम्ही पाहिलं आहे आणि त्यावरून मला रागावलाही आहात.) मी दुखावलो. दुसऱ्या खेपेला त्याने परीक्षाच घेतली. ठोंब्याचा जप सुरू होताच पावाचा लोणी लावलेला तुकडा त्याच्या नाकासमोर धरला आणि हे सगळं फोनवर चित्रित केलं. मी नावाने हाका मारतो आहे, किल्लीवाला तुकडा हलवतो आहे आणि ठोंब्याचं लक्ष नाही. लोण्यावर, दाजी! जो कुत्रा लोण्याच्या वासाने तीन दुकानं ओलांडून येतो, तो! किल्लीवाल्याने तुकडा स्वतः खाल्ला आणि माझी माफी मागितली. संध्याकाळपर्यंत आमच्या रस्त्यावर ठोंब्याचा महाराज झाला होता. मी त्या रात्री आसन शिवलं. आमच्या हिला तेवढं पटलं नव्हतं. ही म्हणाली, जेवायला हाका मारल्या की तुम्हीही ओ देत नाही, तुम्हालाही एक आसन शिवून घ्या. संसारी माणसांना भक्ती कळत नाही, असं मनात म्हणून मी शिवत राहिलो.

लोक बघायला येऊ लागले. बघायला आलेला माणूस रिकामा जात नाही, जाताना उशीचं माप देऊन जातो, हाही अनुभव आला. असं होता होता नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले. त्यांच्या सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायच्या होत्या. त्यांतलीच एक मी नमुन्याची खुर्ची म्हणून मढवून ठेवली होती. लाल कापड, गुबगुबीत हात, पाठीला नीट बाक. त्यांनी खुर्चीवर बसून पाहिलं, उठून पाहिलं, पुन्हा बसून पाहिलं आणि म्हणाले, काम बरं आहे, आता महाराज दाखवा. ठोंब्या आसनावर बसलेलाच होता. आम्ही सगळे (मी, व्यवस्थापक, किल्लीवाला आणि दारात उभी असलेली पाच-सात मंडळी) श्वास रोखून वाट पाहू लागलो.

ठोंब्या उभा राहिला. मला वाटलं नमस्कार करतो की काय. त्याचे पाय काठीसारखे ताठ झाले आणि तो कुशीवर असा कोसळला की फळीवरची समई हलली. मग चारी पाय हवेत पोहल्यासारखे चालू लागले, जबडा कडाकडा वाजू लागला, तोंडाला फेस आला आणि माझ्या जांभळ्या मखमलीवर त्याची लघवी पसरली. दाजी, त्या क्षणी मी जे जे केलं ते सगळं चुकीचं होतं, हे आज मला माहीत आहे. त्याचे पाय घट्ट दाबून धरले. तोंडावर पाणी मारलं. जीभ गिळेल म्हणून हातोड्याचा दांडा दातांत घालायला गेलो आणि दांड्याऐवजी अंगठा गेला. (डावा. खिळा धरायचा.) मी ओरडलो, रक्त पाहून दारातला कोणीतरी माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला, कुत्रं पिसाळलं रे! आणि काल ज्याला हात जोडत होते त्याच्यापासून लोक असे पळाले की दोन चपला माझ्या दुकानात राहिल्या. एक अजून आहे. कोणीतरी कुत्री नेणाऱ्या गाडीला फोन केला.

झटका थांबला. ठोंब्या उठला, लटपटत भिंतीला डोकं लावून उभा राहिला. त्याला मी दिसत नव्हतो. तो मला चावला होता, पण त्याला ते माहीतच नव्हतं हे त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं आणि एवढं एकच मला त्या दिवशी बरोबर कळलं. गाडी येणार, पिसाळलेला म्हणून नेणार, नेल्यावर परत देणार नाहीत. मी माझी हातगाडी काढली. ठोंब्या कलंडत होता, गाडीच्या फळीवर धरला तर घसरत होता. समोर नमुन्याची खुर्ची होती. हातवाली, पाठीला बाक असलेली, पडू न देणारी. मी खुर्ची गाडीवर चढवली, खुर्चीत ठोंब्याला बसवला, सोफ्याच्या पट्ट्यांनी सैलसर बांधला आणि भर रस्त्यातून जनावरांच्या दवाखान्याकडे निघालो. पुढे मी, अंगठ्याला फडकं; मागून किल्लीवाला ढकलतो आहे; आणि त्याच्याही मागून व्यवस्थापक, 'अहो माझी खुर्ची, अहो माझी खुर्ची' करत. लाल खुर्चीत बसून ठोंब्या दोन्हीकडच्या लोकांकडे शून्य नजरेने पाहत चालला होता. लोक आपोआप वाट देत होते. भीतीने देत होते, पण देत होते. खोटं कशाला सांगू, तेवढ्या संकटातही मला वाटून गेलं, पंडित वर्तमानपत्र आणत असेल, पण पंडितची अशी मिरवणूक निघाली नाही.

डॉक्टर बाई आहेत, तरुण आहेत, घाई न करणाऱ्या आहेत. त्यांनी आधी लशींचं विचारलं. (लशी त्यांच्याच दवाखान्यात झाल्या होत्या. देवाच्या खालोखाल मी वेळच्या वेळी टोचून घेण्यावर विश्वास ठेवतो.) काही विषारी खाल्लं का, डोक्याला मार लागला का, हे विचारलं. आणि मग विचारलं, असं काही पूर्वी झालं होतं का? मी छाती पुढे काढून सांगितलं, छे, पूर्वी तो फक्त जप करायचा. बाई लिहिता लिहिता थांबल्या. मी सगळं सांगितलं. ओठ, लाळ, टक लावणं, लोणी, भूक. किल्लीवाल्याने अभिमानाने फोन पुढे केला. बाईंनी चित्रण पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यात माझाच आवाज येत होता, ठोंब्या, ए ठोंब्या, ठोंबूऽ. तिसऱ्यांदा लावून त्या म्हणाल्या,

"तुमची भक्ती खरी आहे, काका. याचा मात्र झटका आहे. छोटा झटका. आज आला तो मोठा."

मग त्यांनी समजावलं. मेंदूत वीज कडाडल्यासारखं होतं. कधी एका कोपऱ्यात, तेव्हा नुसते ओठ हलतात, गाल उडतो, नजर लागते, काही कुत्री हवेतल्या नसलेल्या माश्याही पकडतात. कधी ती सगळीकडे पसरते, मग कुत्रं कोसळतं. रक्त तपासू, औषध देऊ. ते रोज ठरल्या वेळी द्यायचं, बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही. बहुतेक कुत्री औषधावर चांगली राहतात. पण झटका आला तर तोंडाजवळ हात नेऊ नका. कुत्रं जीभ गिळत नाही, तुमचा अंगठा मात्र गिळेल. दाबू नका, पाणी मारू नका, पाजू नका. आजूबाजूचं सामान दूर करा, आवाज आणि दिवे बंद करा, घड्याळ बघा. झटका पाच मिनिटांवर गेला किंवा एकामागून एक येऊ लागले तर कुत्र्याला तसंच उचलून इथे आणा. मी विचारलं, आणि तोवर मी काय करायचं? काही नाही, म्हणाल्या. मी विचारलं, देवाचं नाव घेतलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, चालेल, पण मनातल्या मनात. त्याला शांतता हवी.

कुत्री नेणारी गाडी दवाखान्याच्या दारात आली तेव्हा बाई स्वतः बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलल्या. हा कुत्रा पिसाळलेला नाही, याला झटके येतात, याच्या लशी झाल्या आहेत आणि नियमाप्रमाणे माझ्या नजरेखाली राहील. गाडी रिकामी गेली. मीही माणसांच्या दवाखान्यात जाऊन माझ्या वाट्याच्या सुया टोचून घेतल्या. ते सोडायचं नसतं, चावणारा घरचा असला तरी.

त्यानंतरचं जे आहे ते मी अभिमानाने सांगतो, तुम्ही खुशाल हसा. मला डॉक्टरी येत नाही, पण मऊ करणं येतं. दुकानातल्या प्रत्येक टेबलाच्या पायाला मी फोम बांधला. सांगाड्यांची टोकं मढवली. घरी पलंगाचे कोपरे, कपाटाची कड, स्वयंपाकघराच्या ओट्याचा खालचा दगड, जिन्याची पहिली पायरी आणि तिच्यापुढे आडवं फाटक, तेही गुबगुबीत. ही म्हणते, घरात आता वस्तू ठेवायला कठीण जागाच उरली नाही, काल वाटाणे निवडताना मी भिंतीला टेकले तर भिंतही मऊ लागली. (भिंतीला फक्त ठोंब्याच्या उंचीपर्यंत लावलं आहे. ही खाली बसली होती.) आणि रस्त्यावर प्रत्येक दुकानदाराला मी एकेकटं गाठून शिकवलं. प्रत्येकाने आधी तक्रार केली की महाराज गेला, आता आम्ही पाहुण्यांना काय दाखवायचं. एकजण तर म्हणाला, तू सांगायला नको होतंस, आजार असला तर असू दे, आम्हाला बरं वाटत होतं. मी त्याला म्हटलं, तुम्हाला बरं वाटत होतं, त्याला वाटत नव्हतं.

मागच्या आठवड्यात औषधाचा जम बसण्याआधी आणखी एक झटका आला. मोठाच. मी शिलाई मशीन बंद केलं, दिवा बंद केला. किल्लीवाला घड्याळ घेऊन उभा राहिला. समोरच्या न्हाव्याने आपला रेडिओ बंद केला आणि दारात पाठ करून उभा राहिला, कोणी आत डोकावू नये म्हणून. मी सांगाडे सरकवले, दोन्ही बाजूंना फोम लावला आणि मागे सरून बसलो. हात मांडीखाली घेऊन बसलो, दाजी, कारण ते ऐकत नव्हते. आयुष्यभर हातांनी कमावलं, आणि त्या दिवशी हात आवरणं हेच काम होतं. इतके दिवस मी समजत होतो की तो प्रार्थना करतो आहे आणि मी बघतो आहे. त्या दिवशी तो नुसता पडला होता आणि प्रार्थना माझी चालली होती, मनातल्या मनात, बाईंनी सांगितल्याप्रमाणे. दीड-दोन मिनिटांत थांबलं. तो उठला, मऊ टेबलाला धडकला, मऊ सांगाड्याला धडकला आणि कुठेही न लागता माझ्यापर्यंत पोचला. रस्त्यात कोणी ओरडलं नाही. न्हाव्याने गिऱ्हाइकाचा अर्धा राहिलेला गाल पुरा केला. मी तुम्हाला सांगतो, मखमली आसनाचा मला होता त्याच्या दसपट अभिमान मला त्या दोन मिनिटांचा आहे, ज्यांत मी काहीही केलं नाही.

व्यवस्थापकांनी खुर्च्यांचं काम मलाच दिलं. पट्टे सैल असूनही जिच्यातून कुत्रं पडलं नाही ती खुर्ची प्रेक्षकालाही धरून ठेवील, असं त्यांचं म्हणणं. नमुन्याची खुर्ची मात्र ते परत न्यायला तयार नाहीत, ठोंब्याही सोडायला तयार नाही. तेव्हा आसनाची गरज उरली नाही. परवा ते उसवलं, मखमल धुऊन वाळवली. डाग गेला. खूण थोडी राहिली आहे.

ताईला नमस्कार. आपल्या दोघांचे आशीर्वाद असू द्यावेत.

आपला धाकटा मेहुणा आणि मागच्या बाकावरचा विद्यार्थी

ता. क. दाजी, आता जे लिहायचं ते लिहितो. दोन्ही पिल्लं एका आईची आहेत. बाई म्हणाल्या की हा आजार कधी कधी भावंडांतही दिसतो. पंडित वाचन ऐकताना पापणी हलवत नाही, ओठांनी शब्द घोळवतो आणि चांगल्या वाक्याला त्याचा डावा कान उडतो, असं तुम्ही म्हणालात. वाचन संपल्यावर तो भारावून टेबलाला धडकतो, असंही म्हणालात. पुढच्या खेपेला वाचता वाचता मधेच थांबून, हात न लावता, त्याला नावाने हाक मारून बघा. ताईला फोनवर चित्रण करायला सांगा आणि ते तिकडच्या डॉक्टरांना दाखवा. माझी एवढीच विनंती आहे, बाकीचं पत्र तिच्यापर्यंत यायला लागलेलं अंतर आहे.

दुसरी ता. क. तुमच्या लिखाणात दम नाही असा याचा अर्थ कृपया काढू नये. तुम्ही म्हणाल, टक लावून ऐकणारे विद्यार्थी मी जन्मभर पाहिले आहेत. त्यांतला एक मीही होतो. मीही तुमच्याकडे टक लावायचो, माझेही ओठ हलायचे. पण तुम्ही नाव पुकारलंत की मी दचकून उठायचो आणि तोंडातली गोळी घशात जायची. लक्ष नसलेला आणि आजारी असलेला यांच्यात एवढाच फरक आहे.

तिसरी ता. क. पत्र मिळायला उशीर होईल आणि मिळाल्यावर तुम्ही चार दिवस रागावून बसाल, हे मी धरूनच होतो. तुम्हाला फोनवर हे सांगायचा माझा धीर झाला नाही. दोनदा लावला आणि दोनदा तब्येत विचारून ठेवला. म्हणून आज सकाळी ताईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला वाटतच होतं, यांचं एवढं कोणी ऐकत नाही. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा ती पंडितला दाखवून आलेली असेल. आसनाच्या मखमलीतून तुमच्या टेबलाच्या कोपऱ्यांना चार टोप्या शिवल्या, आत फोम घालून, त्याही आजच पार्सलने रवाना केल्या. खूण असलेला तुकडा आतल्या बाजूला घेतला आहे. पंडितला औषध लागलं तर संध्याकाळी तो थोडा पेंगेल, तेव्हा वाचन मला फोनवर करा. दुकान मिटल्यावर मी मोकळाच असतो. मधून मधून माझं नाव पुकारत जा. ओ देईन.